लेकीचा पोर्ट: जुन्याच व्रणातून की दुसऱ्या बाजूला?
इंदूरला आमच्या लेकीचा केमोपोर्ट (केमोचं औषध शिरेत सोडायला छातीच्या कातडीखाली बसवलेली डबी) तुंबला, बदलणं आलं. सर्जननी दोन पर्याय दिले. जुन्याच व्रणावर छेद घेतला तर छातीवर नवी खूण पडत नाही. पण तीच कातडी पुन्हा कापल्याने व्रण रुंदावू शकतो, आणि तिथे जंतुसंसर्ग असेल तर हा पर्यायच बाद. दुसऱ्या बाजूला ताजी कातडी, मोकळी शीर. व्रण मात्र दोन. सासूबाई कळवळल्या, "पोरीची जात, खुणा नकोत गं!" मला शीर महत्त्वाची वाटली. सोनोग्राफीत जुनी अरुंद दिसली, म्हणून डावी बाजू घेतली. जखम भरल्यावर सिलिकॉन जेल, उन्हापासून जपणं दोन्हीकडे सारखंच. लेकीचा प्रश्न वेगळाच: सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस कधी? केमो संपेपर्यंत बाहेरचं बंद.