लुईस की शेटलंड? मुलं घेऊन बेटावर यायचं असेल तर

स्कॉटलंडच्या बेटांवर नोकरी मिळालेली मराठी कुटुंबं अधूनमधून फोन करतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: लुईसचं स्टॉर्नोवे बरं की शेटलंडचं लर्विक? आम्ही लुईसला दोन वर्षं काढली, शेटलंडला आता तिसरं चालू आहे. बायको दोन्हीकडे इस्पितळात नर्स. वारा, पाऊस, झाडांचा दुष्काळ सगळीकडे सारखाच, आणि तूरडाळ, कढीपत्ता दोन्हीकडे मुख्य भूमीवरूनच आणावा लागतो. तेव्हा ते सोडून देऊ.

शाळेच्या बाबतीत लुईसचं पारडं जड आहे, हे आधीच कबूल करतो. तिथल्या कौन्सिलने २०२०मध्ये ठरवलं की पहिलीत येणारं मूल गॅलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेच्या, माध्यमातच धरायचं, इंग्रजी हवं असेल तर पालकांनी तसं सांगायचं. आम्ही काही सांगितलं नाही. लेक घरी मराठी, शाळेत गॅलिक आणि दुकानात इंग्रजी बोलायला लागली. आपली भाषा नातवंडांच्या तोंडून जाते आहे हे दुःख गावातल्या म्हाताऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यामुळे ही परकी मुलगी दोन वाक्यं गॅलिकमध्ये बोलली की तिच्या हातात काहीतरी खाऊ पडायचाच. शेटलंडला गॅलिक कधी रुजलीच नाही. १४६९मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली, ती सुटली नाहीत. बोलीत नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वेच्या भाषेचं, वळण आजही आहे, पण शाळा इंग्रजीच.

प्रवासाचं म्हणाल तर लुईसहून मुख्य भूमीवरच्या उलापूलला बोट अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. लर्विकहून ॲबरडीनला रात्रभर, साडेबारा तास. कागदावर लुईस सोपं वाटतं. प्रत्यक्षात लहान मूल बरोबर असेल तर मला रात्रीची बोट परवडते. संध्याकाळी चढायचं, जेवायचं, केबिनमध्ये झोपवायचं, सकाळी बंदर. समुद्र खवळलेला असला की मात्र ती रात्र संपत नाही, हेही सांगतो. विमानतळ स्टॉर्नोवेला गावाला लागूनच आहे, शेटलंडचा सम्बरा लर्विकपासून चाळीस किलोमीटरवर. दुखणं मोठं निघालं तर दोन्हीकडून विमानानेच मुख्य भूमीवर नेतात.

आता ज्या गोष्टीने आमचा निर्णय झाला ती सांगतो. वाळत घातलेले कपडे.

लुईसमध्ये, विशेषतः गावाबाहेरच्या वस्त्यांत, रविवार हा देवाचा दिवस मानतात. रविवारी बोट सुटायला २००९ साल उजाडावं लागलं. आम्ही होतो तेव्हा रविवारी दुकानं बंद असायची. त्याचा त्रास झाला नाही, उलट त्या दिवसाची शांतता अजून आठवते. पण रविवारी दोरीवर कपडे घालायचे नाहीत, हाही त्याच रिवाजाचा भाग. कायदा नाही, कोणी बोलतही नाही. हिवाळ्यात आम्ही दोघं अंधारात कामाला निघायचो आणि अंधारातच परतायचो, म्हणजे दोरी वापरता यायची ती शनिवार-रविवारीच. शनिवारी बहुधा पाऊस.

एका फेब्रुवारीत नऊ दिवसांच्या पावसानंतर रविवारी लख्ख ऊन पडलं. बायकोने चादरी घातल्या. शेजारच्या आजी खिडकीत आल्या, क्षणभर थांबल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. एवढंच. ह्याच आजी आम्हाला दर आठवड्याला अंडी आणून द्यायच्या. सोमवारी त्या नेहमीसारख्या अंडी घेऊन आल्या, चादरींबद्दल एक अक्षर काढलं नाही. पण आम्ही त्या ओल्या चादरी अर्ध्या तासातच काढून घेतल्या होत्या. त्यांना दुखवायची आमची छाती झाली नाही.

मग दोन्ही हिवाळे कपडे घरातच वाळले. रेडिएटरवर मोजे, दारावर गणवेश, खुर्च्यांवर टॉवेल, सगळीकडे तो कुबट वास. डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू, विजेचं बिल तसंच. दुसऱ्या जानेवारीत लेकीच्या पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसली. तिचा खोकला त्यामुळेच होता असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं ठाम म्हणाले नाहीत. पण इथे आल्यावर तो थांबला.

लर्विकमध्ये पहिल्याच रविवारी शेजारच्या तिन्ही दोऱ्या भरलेल्या दिसल्या. वारा इतका की चिमटे दुप्पट लावावे लागतात, आणि लेकीचा एक पायमोजा कुठे उडाला ते आजवर कळलेलं नाही. पण तासाभरात चादर वाळते. हिवाळ्यातला दिवस इथे पावणेसहा तासांचाच, लुईसपेक्षाही थोडा लहान. ते जड जातं खरं. त्यावर जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी लर्विककर मशाली घेऊन निघतात आणि एक अख्खं लाकडी जहाज जाळतात. दुसऱ्या दिवशी गावाला सुट्टी. मुख्य मिरवणुकीत मुलीबायकांना २०२३पासून जागा मिळाली, हे लेकीच्या बापाला महत्त्वाचं वाटतं. शिवाय बांगडा. आपल्यापेक्षा लांबट आणि तेलकट, पण तिरफळ घातलं की आईच्या हातची आठवण येते.

मुलाने दुर्मीळ भाषा शिकावी, घरात एकजण दिवसा घरी असेल, किंवा तुम्हाला रविवारची ती शांतता मनापासून हवी असेल, तर लुईसच बघा. २०२४च्या नोव्हेंबरपासून तिथलं एक सुपरमार्केट रविवारीही उघडतं म्हणे, पुढे दोऱ्यांचंही बदलेल कदाचित. आम्ही मात्र परत निवडायची वेळ आली तरी लर्विकच निवडू. कुठलंही निवडा, पण फेअर आइल किंवा फूलासारख्या अगदी लहान बेटांच्या मोहात पडण्याआधी मुलाचं वय मोजा. तिथल्या मुलांना बाराव्या वर्षाच्या आसपास लर्विकच्या वसतिगृहात राहून शिकावं लागतं. आणि बघायला जूनमध्ये येऊ नका, जूनमध्ये सगळंच सुंदर दिसतं. नोव्हेंबरात आठवडाभर या, त्यात एक रविवार धरा, आणि भाड्याचं घर बघताना पलंगामागची भिंत हाताने चाचपून बघा.