स्पीकर टीव्हीला जोडून देतो म्हणाला आणि ८४,८५८ रुपये घेऊन गेला

वायरलेस स्मार्ट स्पीकर टीव्हीला जोडण्याच्या कामात माझ्या कार्डावरून एका संध्याकाळी चार व्यवहारांत ८४,८५८ रुपये गेले. आकडा मुद्दाम पूर्ण लिहीत आहे, कारण जवळच्या माणसांना सांगताना मी आजवर ‘थोडे पैसे गेले’ एवढेच म्हणत आले, आणि अशा मोघम बोलण्यामुळेच पुढचा माणूस सावध होत नाही, हे आता मला कळले आहे. पहिला व्यवहार १० रुपयांचा होता, दुसरा ४९,९९९ चा, तिसरा २४,९९९ चा आणि चौथा ९,८५० चा. चौथा व्यवहार झाला तेव्हा मी बँकेच्याच मदतवाहिनीवर ताटकळत होते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आईला अलीकडे कमी ऐकू येते. टीव्हीचा आवाज वाढवला तर घरातल्या इतरांना त्रास होतो आणि कमी ठेवला तर तिला संवाद कळत नाहीत, म्हणून तिच्या खुर्चीजवळ स्पीकर ठेवून टीव्हीचा आवाज त्यातून द्यावा, असा माझा विचार होता. स्पीकर नवा होता आणि फोनवरच्या त्याच्या ॲपमध्ये टीव्ही दिसतही होता. ‘टीव्ही चालू कर’ म्हटले की टीव्ही चालू होई, ‘बंद कर’ म्हटले की बंद होई. पण आवाज मात्र टीव्हीतूनच येत राहिला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ होते, त्यात रिमोटचे नाव दिसत होते, स्पीकरचे काही केल्या दिसत नव्हते. निम्मी जोडणी झाली आहे आणि कुठला तरी शेवटचा टप्पा राहिला आहे, अशी माझी पक्की समजूत झाली. त्या माणसाने नेमका या समजुतीचा फायदा घेतला.

तासभर खटपट केल्यावर मी इंटरनेटवर कंपनीचे नाव आणि ‘ग्राहक सेवा क्रमांक’ असे शब्द टाकून शोधले. सर्वांत वर जो क्रमांक आला त्याच्या बाजूला लहान अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिले होते. प्रायोजित याचा अर्थ ती जागा कोणीतरी पैसे देऊन घेतलेली आहे, आणि ते पैसे चोरही भरू शकतो. माझ्या हातापासून दोन फुटांवर स्पीकरचे खोके पडले होते आणि त्यावर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता छापलेला होता. मी तो पाहिला नाही. तुम्ही पाहा, ग्राहक सेवेचा क्रमांक खोक्यावरून, माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्या.

संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी मी फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र होता, मराठीत स्वच्छ बोलत होता आणि मागे कार्यालयात असतो तसा इतर लोकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्याने आईची चौकशी केली. ‘मॅडम, काळजी करू नका, आईंना आजच रात्री टीव्ही ऐकू येईल,’ असे तो म्हणाला, आणि त्या वाक्यानंतर मी त्याच्यावर संशय घेणे थांबवले. मग तो म्हणाला की माझ्या स्पीकरमध्ये ‘आर्क’ ही सुविधा बंद आहे, ती सक्रिय करण्यासाठी उपकरणाची नोंदणी करावी लागेल आणि त्याचे १० रुपये शुल्क कार्डाने भरावे लागेल.

मला नंतर समजले ते इथेच लिहिते. आर्क हा टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलवरून बाहेर नेण्याचा मार्ग आहे. तो एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत, २००९ साली आला, आणि त्यासाठी टीव्हीला व स्पीकरला, दोन्हीकडे एचडीएमआयची जागा असावी लागते. माझ्या स्पीकरला मागच्या बाजूला विजेच्या वायरीखेरीज एकही छिद्र नाही. स्पीकर उचलून उलटा केला असता तर हे खोटे तिथेच उघडे पडले असते. शिवाय ब्लूटूथची जोडणी ही खोलीतल्या दोन उपकरणांमधली गोष्ट आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही आणि एक पैसाही शुल्क लागत नाही.

१० रुपयांसाठी त्याने संदेशातून एक लिंक पाठवली. त्या पानावर कंपनीचे बोधचिन्ह होते. मी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक भरले, ओटीपी माझ्या हाताने टाकला आणि ७ वाजून ५८ मिनिटांनी १० रुपये गेल्याचा संदेश आला. इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण बँकेपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने मला तेच ऐकवले आहे: मी माझा ओटीपी कोणालाही तोंडाने सांगितलेला नाही. मी एका कार्यालयात हिशेब पाहते, ओटीपी सांगू नये हे मला माहीत आहे आणि मी ते इतरांनाही सांगत आले आहे. त्या माणसानेही तो मागितला नाही. उलट ‘ओटीपी मला सांगू नका, मॅडम’ असे तोच दोनदा म्हणाला, आणि त्यामुळे माझा विश्वास अधिकच बसला.

त्यानंतर त्याने मला फोनवर एक ॲप घ्यायला लावले. त्याचा नऊ अंकी क्रमांक मी त्याला वाचून दाखवला आणि फोनने विचारलेल्या प्रत्येक परवानगीला ‘होय’ म्हटले. त्यातल्या एका परवानगीपुढे स्पष्ट शब्दांत लिहिले होते की या ॲपला फोनवर पूर्ण नियंत्रण मिळेल. मी ते वाचले होते. वाचूनही पुढे गेले. बिघाड टीव्हीत आणि स्पीकरमध्ये होता, मग या माणसाला माझ्या फोनचा पडदा कशासाठी पाहायचा आहे, हा प्रश्न मला पडला नाही. त्याहून मोठी चूक आता रोज रात्री आठवते: त्याने माझे कार्ड कोणत्या बँकेचे आहे हे विचारले, त्यावर खर्चाची मर्यादा किती आहे हेही विचारले, पण टीव्ही कोणत्या कंपनीचा आहे हे सबंध संभाषणात एकदाही विचारले नाही. टीव्ही दुरुस्त करायला बसलेला माणूस टीव्हीचे नावसुद्धा विचारत नाही, आणि मी त्याच्या प्रश्नांना मुकाट्याने उत्तरे देत होते.

मग त्याने सांगितले की फोन आता टीव्हीजवळ पालथा ठेवायचा, पडदा बंद होऊ द्यायचा नाही, आवाज पूर्ण बंद करायचा आणि पंधरा मिनिटे त्याला हात लावायचा नाही, कारण दोन्ही उपकरणे एकमेकांना ओळखत आहेत आणि मध्ये आवाज झाला तर सर्व पुन्हा करावे लागेल. मी टीव्हीच्या लाकडी कपाटावर फोन पालथा ठेवला. आई शेजारी बसून स्पीकरकडे पाहत होती. थोड्या वेळाने फोन लाकडावर घरघरला. काही मिनिटांनी पुन्हा घरघरला. आईने विचारले, ‘अगं, कोणाचा निरोप आला का बघ ना?’ मी तिला म्हटले, ‘नको, जोडणी चालू आहे.’ ते बँकेचे संदेश होते. ८ वाजून ९ मिनिटांनी ४९,९९९ रुपये आणि ८ वाजून १६ मिनिटांनी २४,९९९ रुपये. प्रत्येक वेळी आलेला ओटीपी पालथ्या पडद्यावर उमटत होता आणि तो वाचणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसला होता. कार्डाचे तपशील मी आधीच भरून दिले होते. जिला ऐकू येत नाही असे आम्ही म्हणतो, तिच्या लक्षात ती घरघर आली, आणि मी तिलाच गप्प केले. पैशांपेक्षा हे मला जास्त लागले आहे.

फोन मी ८ वाजून २६ मिनिटांनी उचलला. तोवर त्याने बोलणे तोडले होते. संदेश वाचले आणि हातपाय गार पडले. ८ वाजून ३१ मिनिटांनी मी बँकेच्या मदतवाहिनीला फोन लावला आणि आणखी एक चूक केली: तो त्याच फोनवरून लावला. ते ॲप अजून चालूच होते. असे तुमच्यावर आले तर आधी वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा, शक्य नसेल तर फोनच बंद करा, आणि बँकेशी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बोला.

मदतवाहिनीने मला आधी भाषा निवडायला लावली, मग खात्याचा प्रकार, मग कार्डाचे शेवटचे अंक. त्यानंतर नव्या कर्जाची माहिती ऐकवली आणि वाट पाहण्याचे संगीत सुरू केले. कार्ड बंद करण्याचा पर्याय पाचव्या पातळीवर होता. मी फोन कानाला लावून बसलेली असताना ८ वाजून ४४ मिनिटांनी ९,८५० रुपये गेले. ८ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे सत्तावीस मिनिटांनी, एका माणसाचा आवाज आला आणि कार्ड बंद झाले. बँकेने नंतर लेखी कळवले की सर्व व्यवहार योग्य ओटीपीने झालेले असल्यामुळे ते माझ्या संमतीने झाले असे धरले जाईल, आणि तक्रार ८ वाजून ५८ मिनिटांनी नोंदली गेल्यामुळे चौथा व्यवहारही तक्रारीपूर्वीचाच ठरतो. पहिल्या तीन रकमांबद्दल त्यांनी हात झटकले तर मी समजू शकते, कारण दार मीच उघडले होते. पण मी दारात उभी राहून ओरडत असताना जे गेले, त्याची जबाबदारी माझी कशी?

पोलिस ठाण्यात गेले तर त्यांनी सायबर कक्षात पाठवले. सायबर कक्षाने व्यवहारांचे बँकेकडून प्रमाणित पत्र मागितले. बँकेच्या शाखेने सांगितले की पोलिस तक्रारीची प्रत आणल्याशिवाय असे पत्र देता येत नाही. मी या तीन जागांमध्ये चार दिवस फिरले, कार्यालयातून रजा काढून, आणि प्रत्येक ठिकाणी तीच हकिकत पहिल्यापासून सांगितली. एका अधिकाऱ्याने माझा अर्ज हातात घेऊन, न वाचता, ‘तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकांनी तरी...’ एवढे म्हणून वाक्य अर्धवट सोडले. चोराने माझ्याशी जेवढ्या सभ्यपणे बोलणे केले तेवढेही या लोकांना जमले नाही, म्हणूनच तर माणसे चोरांवर विश्वास ठेवतात. पाचव्या दिवशी अर्ज स्वीकारला गेला. पहिल्या तासात ज्या रकमा पुढच्या खात्यांत अडवता येण्याची शक्यता असते, त्यांच्याबद्दल पाचव्या दिवशी कोण काय करणार होते? तक्रार दिली की तिचा क्रमांक, तारीख आणि वेळ त्याच जागी लिहून घ्या; तोंडी आश्वासनावर बाहेर पडू नका.

ज्या ठिकाणी ती जाहिरात दिसली होती तिथेही मी तक्रार केली. नऊ दिवसांनी उत्तर आले की तपासणीत नियमांचे उल्लंघन आढळले नाही. स्पीकरच्या खऱ्या कंपनीने एवढेच कळवले की जोडणीसाठी ती कधीही शुल्क घेत नाही आणि फोनवर कोणतेही ॲप घ्यायला सांगत नाही. हे वाक्य त्यांनी खोक्यावर ठळक अक्षरांत का छापू नये?

स्पीकर का जुळत नव्हता, हे मला शेवटी टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत सापडले. काही टीव्हींमधले ब्लूटूथ केवळ रिमोटसारख्या उपकरणांसाठी असते. ते आवाज बाहेर पाठवूच शकत नाही. माझा टीव्ही त्यातलाच आहे. ॲपमध्ये टीव्ही दिसत होता तो आवाजी आज्ञांपुरता; आज्ञा पोहोचणे आणि आवाज येणे या दोन वेगळ्या जोडण्या आहेत. टीव्हीच्या हेडफोनच्या जागेत एक लहान ब्लूटूथ ट्रान्समीटर, म्हणजे टीव्हीचा आवाज ब्लूटूथवरून बाहेर पाठवणारे उपकरण, लावला, स्पीकर आधी माझ्या फोनशी जोडलेला होता तो तिथून सोडवला, त्याला पेअरिंगच्या, म्हणजे नव्या उपकरणाशी जुळण्याच्या, स्थितीत आणले आणि आवाज आला. ओठ आधी हलतात आणि शब्द किंचित मागून येतात, कारण ब्लूटूथवर आवाज पाठवायला आणि उलगडायला वेळ लागतो. आईची त्याबद्दल तक्रार नाही.

तो ९,८५० रुपयांचा व्यवहार मात्र मी सोडलेला नाही. माझ्या फोनमधल्या नोंदीत ८ वाजून ३१ मिनिटांनी बँकेला लावलेला आणि सत्तावीस मिनिटांहून अधिक चाललेला फोन स्पष्ट दिसतो. त्या नोंदीची छापील प्रत जोडून मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दुसरा अर्ज दिला आहे आणि त्यांच्याकडे त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण मागितले आहे. ते अजून मिळालेले नाही.