दसरा चौकाजवळची खानावळ : तीन महिने जेवून

मी राधानगरीकडचा. कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो, तेव्हापासून इथंच जेवतोय. दोन वेळचे महिन्याला २,८०० रुपये. भाकरी तव्यावरची, गरम. बुधवारी तांबडा रस्सा; वाटी पुढं केली की मावशी "घे की रं, लाजतोस काय" म्हणत पुन्हा वाढतात. महिनाअखेरीला आमटी पातळ होते, ते मला आवडत नाही. रविवारी रात्री बंद. त्या दिवशी बाहेर शंभरभर रुपये जातात, ते हिशेबात धरा.

जेवून परतताना चौकातली जुनी बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, दिसतात. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर फीइतकाच राहण्या-जेवणाचा खर्च आडवा येतो, हे महाराजांनी नेमकं ओळखलं होतं. माझ्या घरी आजही विकलेल्या दुधाचं बिल हातात आलं की आधी खानावळीचे पैसे बाजूला निघतात.

मी पुढच्या महिन्याचे भरलेत. रात्री साडेआठच्या आत जा, नंतर भाकरी संपते.