मिशिगन १९०१: ५५०-० चा तक्ता काही महिने वापरल्यावर

अकरा सामने, अकरा विजय, ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. फील्डिंग योस्ट या कोचच्या पहिल्याच वर्षातला मिशिगन विद्यापीठाचा हा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम एका छोट्या स्प्रेडशीटमध्ये मावतो. नेटवर फुकट मिळणारा तयार तक्ता आणि जोडीला जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं, असा दुहेरी वापर करून झाल्यावरचा हा अभिप्राय.

बेरीज चोख आहे. ॲल्बियन ५०, केस ५७, इंडियाना ३३, नॉर्थवेस्टर्न २९, बफेलो १२८, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२, बेलॉइट ८९, आयोवा ५०, स्टॅनफर्ड ४९. काही ठिकाणी एकूण ५०१ दिसतात, तेही चूक नाही. स्टॅनफर्डचा सामना कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात १ जानेवारी १९०२ ला झाला, म्हणून वर्षाचा फिल्टर लावला की तो गळतो. तारखेच्या रकान्याशेजारी ‘हंगाम’ असा वेगळा रकाना घाला, हा घोळ मिटतो. मैदानाचा रकानाही हवाच. कार्लाइलशी गाठ पडली डेट्रॉइटला आणि आयोवाशी शिकागोत, म्हणजे दोन्ही सामने ॲन आर्बर या मिशिगनच्या घरच्या गावाबाहेर.

खरी अडचण गुणांची. तेव्हा टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) ५, त्यानंतरच्या गोलला (खांबांमधून मारलेली जादा किक) १, फील्ड गोललाही (चालू खेळात खांबांमधून मारलेली किक) ५ आणि सेफ्टीला (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवणं) २ गुण होते. तक्ता फक्त अंतिम आकडा देतो, त्यामुळे आजच्या निकालाशी तुलना करायला बसलात की फसलात. स्टॅनफर्डविरुद्धचे ४९ फोडून पाहा: ८ टचडाउन, त्यावर ४ गोल, १ फील्ड गोल. आजच्या हिशोबाने (टचडाउन ६, फील्ड गोल ३) ४८ + ४ + ३, म्हणजे ५५. आठपैकी चारच गोल का, तर टचडाउन जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतून मागे येऊन किक मारावी लागे. कोपऱ्यात टचडाउन झाला की कोन फारच अवघड. तेव्हा प्रत्येक सामन्याला टचडाउन, गोल, फील्ड गोल, सेफ्टी असे चार रकाने स्वतः भरा. अंतिम आकडा सूत्राने काढा आणि छापील आकड्याशी ताडून बघा. जुळला नाही तर बहुतेक वेळा गोलची संख्या चुकलेली असते.

‘मिनिटाला एक गुण’ ही या संघाची ख्याती तपासायला मात्र तक्ता अगदीच तोकडा पडतो. नियमाने दोन हाफ ३५-३५ मिनिटांचे. अकरा सामन्यांची ७७० मिनिटं धरली तर मिनिटाला ०.७१ गुणच निघतो. पण दुबळा प्रतिस्पर्धी असला की कर्णधार आपसात ठरवून हाफ आखूड करत. पॅसाडीनात तर आठेक मिनिटं उरली असताना स्टॅनफर्डच्या कर्णधाराने हार मानली. (योस्ट आदल्या वर्षी स्टॅनफर्डचाच कोच होता!) म्हणजे भागाकारात प्रत्यक्ष खेळलेली मिनिटंच घ्यायला हवीत, आणि ती फक्त वर्तमानपत्रात सापडतात: वृत्तांताच्या अगदी शेवटी, खेळाडूंच्या यादीखाली, बारीक टाइपात.

तिथेच स्कॅनचा शोध दगा देतो. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ३ चा ८ होतो, शेजारचे दोन कॉलम एकमेकांत मिसळतात. आकडा नेहमी मूळ पानाच्या चित्रावरूनच घ्या. ‘मिशिगन’ टाकून हाती काही लागलं नाही तर ‘ॲन आर्बर’ टाकून बघा, नाहीतर सरळ सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक उघडा. हा शेवटचा मार्ग कंटाळवाणा, पण हमखास.

‘राष्ट्रीय विजेता’ हा रकाना मी रिकामाच ठेवीन. तेव्हा तशी स्पर्धाच नव्हती. हेल्म्स या क्रीडासंस्थेने मिशिगनला दिलेला मान कित्येक वर्षांनंतरचा, आणि हार्वर्डनेही त्याच हंगामात बाराच्या बारा सामने जिंकले होते.

एकाच हंगामासाठी तक्ता उत्तम. १९०५ पर्यंत वाढवणार असाल तर नियमांचा वेगळा रकाना आधीच करा, कारण १९०४ पासून फील्ड गोल ४ गुणांचा झाला. १९०६ ला फॉरवर्ड पास (चेंडू पुढच्या दिशेने फेकणं) आला आणि तीन डाउनमध्ये, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या तीन प्रयत्नांत, ५ ऐवजी १० यार्ड काढावे लागले. १९१२ ला टचडाउन ६ गुणांचा, डाउन चार आणि मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं झालं. या वर्षांपलीकडचे आकडे एकाच आलेखात टाकू नका.