निळ्या पट्टीखालचे चित्र : सचित्र मुखपृष्ठांच्या ब्लू-रे आवृत्त्या काही महिने वापरल्यानंतर

गेल्या काही महिन्यांत मी छोट्या प्रकाशकांच्या ज्या ब्लू-रे आवृत्त्या विकत घेतल्या, त्यांपैकी बहुतेक केवळ मुखपृष्ठासाठी घेतल्या. त्यांतले बरेचसे चित्रपट माझ्याकडे जुन्या डीव्हीडीवर आधीच होते. प्रतिमेचा दर्जा, ध्वनी आणि पुरवण्या यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यामुळे इथे फक्त आवरणावरच्या चित्रांविषयी आणि ती चित्रे प्रत्यक्ष वापरात कशी टिकतात याविषयी लिहितो. निमित्त एका फुटलेल्या केसचे, म्हणजे डिस्क ठेवण्याच्या प्लास्टिकच्या डबीचे आहे.

एका मर्यादित आवृत्तीची केस माझ्या हाती आली तेव्हाच तिची बिजागरी तुटलेली होती. डिस्कवर ओरखडाही नव्हता. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा डिस्क चालत असल्यामुळे वस्तू सदोष ठरत नाही, असे उत्तर आले. ज्या वस्तूची जाहिरात ‘नव्याने काढलेले मुखपृष्ठचित्र’ या शब्दांनी सुरू होते आणि जिचे वाढीव मोल त्या चित्रापोटीच घेतले जाते, तिचे आवरण हा वस्तूचा भाग नाही, हे म्हणणे मला अजिबात मान्य नव्हते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्यांनी एक रिकामी केस पाठवली. ती नेहमीची, वरच्या कडेला निळी पट्टी आणि त्यावर ब्लू-रेचे बोधचिन्ह असलेली होती. मूळ केस मात्र पूर्ण उंचीची आणि पारदर्शक होती, त्यामुळे मुखपृष्ठाचा कागद नव्या केसमध्ये बसेना. हे कळवल्यावर त्यांनी लेखी सल्ला दिला, की कागद वरून थोडा कापून घ्यावा.

त्या चित्रात वरच्या कडेला कंदील उंच धरलेला एक हात आहे. खालच्या अंधारातल्या सगळ्या आकृत्यांवर जो उजेड पडतो, तो त्या कंदिलाचा. कागद वरून कापला की कंदील जातो आणि मग खालच्या चेहऱ्यांवर उजेड कुठून आला, हेच कळेनासे होते. चित्रकाराने केसची पूर्ण उंची हिशेबात धरून रचना केली होती, आणि ती उंची चित्राच्या आशयाचाच भाग होती. तेव्हापासून मी प्रत्येक आवृत्तीकडे त्या पट्टीच्या नजरेने पाहू लागलो आहे, आणि हे पुढचे लिखाणही बरेचसे तिच्याविषयीच होणार आहे.

नेहमीच्या ब्लू-रे केसची उंची सुमारे १७१ मि.मी. असते आणि तिच्यात बसणारा कागद साधारण १४८ मि.मी. उंचीचा असतो. म्हणजे केसच्या उंचीचा आठव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग चित्राला मिळतच नाही. दर्शनी भागाची रुंदी सुमारे १२९ मि.मी. असल्यामुळे उरलेली जागा चौकोनाच्या फार जवळ जाते. अमेरिकी चित्रपटांचे प्रमाणित पोस्टर २७ इंच रुंद आणि ४० इंच उंच असते. ते या जागेच्या रुंदीत बसवायचे, तर १९१ मि.मी. उंची लागेल. म्हणजे त्रेचाळीसेक मिलिमीटर, पोस्टरचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग, कापावा लागतो. किंवा पोस्टर अखंड ठेवून दोन्ही बाजूंना मिळून जवळपास तीन सेंटिमीटर रिकामी जागा सोडावी लागते. डीव्हीडीचा कागद सुमारे १८३ मि.मी. उंच होता, त्यामुळे तिथे हाच प्रश्न आठ मिलिमीटरांत मिटत असे. व्हीएचएस कॅसेट त्याहून अरुंद होती, आणि ३० सेंटिमीटरच्या लेझरडिस्कचे आवरण तर ग्रामोफोन रेकॉर्डसारखे सरळ चौरस होते. घरी चित्रपट पाहण्याचे माध्यम बदलले की चित्रकाराची चौकटही प्रत्येक वेळी बदलली, आणि तरीही सिनेमागृहासाठी केलेले एकच पोस्टर या सगळ्या चौकटींत कोंबण्याची सवय बड्या कंपन्यांनी दीर्घकाळ सोडली नाही.

हा हिशेब मांडण्यापूर्वी नवी चित्रे काढून घेण्याविषयी माझे मत प्रतिकूल होते. चित्रपटाचे पोस्टर त्याच्या काळाचा दस्तऐवज आहे, तेव्हा दुसऱ्या कोणी काही दशकांनंतर त्याच चित्रपटासाठी वेगळे चित्र का काढावे, असे मला वाटत असे. आवरणाचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असला, एका बाजूला नवे चित्र आणि दुसऱ्या बाजूला मूळ पोस्टर असले, की मी तो लगेच उलटा करून मूळ पोस्टर बाहेर आणत असे. ब्रिटनच्या अॅरो व्हिडिओने आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या स्क्रीम फॅक्टरीने दुहेरी छपाईचा हा प्रघात भयपटांच्या संग्राहकांत रुजवला, आणि आता तो इतर प्रकाशकांकडेही सर्रास दिसतो. काही महिने मूळ पोस्टरे पाहिल्यानंतर मात्र मी एकेक कागद पुन्हा नव्या चित्रावर आणला, कारण त्या चौकटीत मूळ पोस्टर बहुतेक वेळा अपुरे दिसते. कुठे नायिकेचे कपाळ कापलेले असते, कुठे तळाची आकृती घोट्यापाशी संपते, तर कुठे शीर्षकाची मूळ अक्षरे काढून संगणकावरची अक्षरे बसवलेली असतात. नवे चित्र त्या जवळजवळ चौकोनी जागेसाठीच रचलेले असल्यामुळे तिथे ते पूर्ण दिसते.

अर्थात हे सगळीकडे लागू नाही. दिग्दर्शक स्वतःच चित्रकार असेल, सत्यजित राय यांच्यासारखा आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः करणारा असेल, तर माझे मत आजही जुनेच आहे.

चांगला चित्रकार काय करू शकतो, हे पाहायचे असेल तर क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशकाने दिग्दर्शक सॅम्युअल फुलर यांच्या ‘शॉक कॉरिडॉर’ आणि ‘द नेकेड किस’ या चित्रपटांच्या २०११ च्या आवृत्त्यांसाठी कॉमिक्सकार डॅनियल क्लोज यांच्याकडून करून घेतलेली मुखपृष्ठे पाहावीत. फुलर यांच्या चित्रपटांतला भडक, वर्तमानपत्री मथळ्यांसारखा आवेश कॉमिक्सच्या रेषेला आपसूक मानवतो, आणि छायाचित्रांची जुळवाजुळव करून हे साधले नसते. त्याच कंपनीच्या २०१३ च्या झाटोइची या जपानी चित्रपटमालिकेच्या संचात २५ चित्रपट आहेत आणि सोबतच्या पुस्तकात २५ वेगवेगळ्या चित्रकारांनी प्रत्येक चित्रपटासाठी एक चित्र काढले आहे. आंधळा तलवारबाज तोच, पण हात पंचवीस. हे पुस्तक मी चित्रपटांइतक्याच वेळा उघडतो. भयपटांच्या बाजूला ब्रिटिश चित्रकार ग्रॅहम हम्फ्रीज आहेत. ‘द इव्हिल डेड’चे ब्रिटनमधले पोस्टर त्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी रंगवले, आणि आजही ते गुआशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, रंगवलेली मुखपृष्ठे डिस्कसाठी करतात. त्यांच्या चित्रांतला हिरवा आणि जांभळा प्रकाश इतक्या छोट्या आकारातही मंद होत नाही. हे मी शेल्फवर रोज पाहतो.

इथे वयोमर्यादेच्या चिन्हांविषयीही लिहिले पाहिजे, कारण निळ्या पट्टीनंतर चित्राची सर्वांत जास्त हानी तीच करतात. ब्रिटनमध्ये व्हिडिओ आले, तेव्हा प्रारंभी कॅसेटना प्रमाणपत्राची अट नव्हती. छोट्या वितरकांनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी रक्तरंजित आवरणे केली, त्यांवरून मोठे काहूर माजले, आणि १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अॅक्टने वर्गीकरण आणि आवरणावरचे चिन्ह दोन्ही सक्तीचे झाले. लोकांनी कॅसेट लावण्याआधी आवरणच पाहिले होते, त्यामुळे त्या कायद्यामागे मुखपृष्ठचित्रांचा वाटा लहान नव्हता. जर्मनीत २००८ च्या कायदादुरुस्तीनंतर एफएसके या वयोमर्यादा ठरवणाऱ्या संस्थेचे चिन्ह दर्शनी बाजूला डाव्या तळाशी किमान १२०० चौरस मि.मी. आकाराचे लागते. ब्लू-रेच्या दर्शनी कागदाचा हा सुमारे सहा टक्के भाग झाला, आणि तोही नेमक्या त्या कोपऱ्यात, जिथे पुष्कळ चित्रकार सही करतात. म्हणूनच तिकडच्या अनेक प्रकाशकांनी कागदाची आतली बाजू चिन्हाविना छापण्याची वाट काढली आहे. मुलांच्या हिताचा नियम मी चुकीचा मानत नाही. पण घरात आणल्यानंतर कागद उलटून चित्र मोकळे करता येते, ही सोय प्रत्येक प्रकाशकाने द्यावी असे मला ठामपणे वाटते.

या प्रश्नावरचा मला सर्वांत पटलेला उपाय रेडियन्स फिल्म्स या ब्रिटिश प्रकाशकाचा आहे. डेन्मार्कच्या स्कॅनावो कंपनीची पूर्ण उंचीची केस आणि त्यावर जपानी पुस्तकांना असते तशी काढता येणारी ओबी पट्टी. प्रमाणपत्राचे चिन्ह आणि इतर खुणा त्या पट्टीवर जातात, आणि पट्टी काढली की मुखपृष्ठ स्वच्छ राहते. पट्टी सांभाळणे मात्र जिकिरीचे आहे. केस शेल्फमधून ओढताना ती सरकते आणि तिच्या घड्या लवकर पांढऱ्या पडतात. मी सगळ्या पट्ट्या काढून एका सपाट पाकिटात ठेवल्या आहेत.

वेष्टनांविषयी, म्हणजे केसवर चढवलेल्या पुठ्ठ्याच्या बाह्य आवरणांविषयी, माझे मत महिन्यागणिक खाली आले. पहिल्या दिवशी ती सुंदर दिसतात. वरची चकाकी, उठावाची अक्षरे, सगळे लोभस असते. वापरात मात्र त्यांचे कोपरे मऊ पडतात आणि गडद रंगाच्या वेष्टनांच्या कडांना पांढरी रेघ दिसू लागते. बऱ्याच वेळा वेष्टनावर आणि आतल्या कागदावर एकच चित्र असते. अशा ठिकाणी मर्यादित आवृत्तीसाठी वाढीव पैसे देण्याचे मी आता थांबवले आहे. काही महिन्यांनी साधी आवृत्ती येते, तिच्यात बहुधा तेच चित्र असते, आणि पैसे वाचतात. अपवाद फक्त केसचा. मर्यादित आवृत्ती पूर्ण उंचीच्या केसमध्ये आणि साधी आवृत्ती निळ्या पट्टीच्या केसमध्ये येणार असेल, तर मी पहिलीच घेतो, कारण तिथे चित्र खरोखर वेगळे होते. साध्या आवृत्तीसाठी ते वरून किंवा खालून कातरलेले असते. जाहिरातीत या फरकाचा उल्लेख क्वचितच असतो. प्रकाशकाने कागदाची उंची मिलिमीटरमध्ये जाहीर करावी, एवढी माहिती दिली तरी ग्राहकाला निर्णय करता येईल.

चित्रकाराच्या नावाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. माझ्याकडच्या आवृत्त्यांत हे नाव बहुधा मलपृष्ठाच्या तळाशी, कायदेशीर मजकुराच्या शेजारी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत आहे. काहींमध्ये ते फक्त आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे, आणि साध्या आवृत्तीत पुस्तिकाच नसते, म्हणजे चित्र राहते आणि नाव जाते. विक्रीपूर्व घोषणेत ज्याचे नाव ठळक असते, त्याचे नाव वस्तूवरही वाचता यावे.

फुटलेल्या केसचे पुढे असे झाले, की विक्रेत्याचा नाद सोडून मी थेट प्रकाशकाला लिहिले आणि कागद कापण्याचा सल्ला मिळाल्याचे सांगितले. त्यांनी पूर्ण उंचीची केस पाठवली, आणि न मागता मुखपृष्ठाचा दुसरा, घडी न पडलेला कागदही सोबत दिला. त्यामुळे त्या प्रकाशकाची पुढची आवृत्ती मी थेट त्यांच्याकडूनच मागवली आहे. त्या विक्रेत्याकडून मात्र ज्या डिस्कचे आवरण मला महत्त्वाचे वाटते, ती पुन्हा घेणार नाही. निळ्या पट्टीच्या केसमधली आणखी काही मुखपृष्ठे पूर्ण उंचीच्या केसमध्ये घालून पाहिली, पण त्यांचे कागद आखूड असल्यामुळे वर रिकामी फट राहते. ती तशीच जुन्या केसमध्ये परत ठेवली आहेत.