रुंद टायर, जादा पाटे आणि हवेचा नेमका दाब

माझ्या पिकअपला रुंद टायर आणि मागे जादा पाटे (वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बसवल्यापासून दरवाजावरच्या स्टिकरवरचा हवेच्या दाबाचा आकडा लागू पडत नव्हता. एका ठिकाणी तर टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरून दिल्याने मधली नक्षी झिजली. शिरोली नाक्याजवळच्या या टायरच्या दुकानातील कारागिराने मात्र टायर थंड असताना दाब मोजला, नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढली आणि गाडी सरळ चालवायला लावली. रेघ फक्त मध्ये पुसली गेली, म्हणजे हवा जास्त. मग ती रुंदीभर सारखी पुसेपर्यंत त्याने दोन-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी केले. गुळाच्या रव्यांनी भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा त्याने पुन्हा वजनासह तपासून वेगळा लिहून दिला, याचे मला फार मोल वाटते. वेळ मात्र हाताशी ठेवूनच जावे.