त्याने छपरावर चढून बघितलं नाही, मीही काही बोललो नाही

३१ वर्षं एसटीत हिशेब लिहिले. एका रुपयाचा फरक सापडेना म्हणून डेपोत रात्री थांबलेला माणूस मी, आणि छपरावर सोलर बसवून देतो म्हणणाऱ्या एका माणसाच्या नादी लागून घरबसल्या ६८,४५० रुपये घालवले. लाज वाटतेच. पण तोच माणूस देवगडाकडे आणखी दोन घरांत जाऊन आल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

घर आजोबांचं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, २०२१ च्या तौक्ते वादळानंतर निम्मे वासे बदललेले. मुलगी म्हणत होती, "बाबा, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावा, माजघरावर काचेची दोन कौलं घाला, दिवसा दिवा लागणार नाही." ऐकलं असतं तर! पण मला पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं सोलरच हवं होतं.

फेब्रुवारीत तो आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. "काका, ३ किलोवॅट घ्या, ७८,००० सबसिडी. ती आम्ही परस्पर वळती करतो, तुम्ही फरक तेवढा भरा." सबसिडी आपल्याच बँक खात्यात येते, तीही पॅनेल बसून, तपासणी होऊन, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा मीटर, लागल्यावर. हे मी पेपरात वाचलेलं होतं! आमचा वापर महिन्याला ९५ युनिट. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे आम्हाला १ पुरला असता. हे गणित हिशेबनिसाने मांडलं कधी, तर पैसे गेल्यावर.

आणि तो क्षण. खळ्यात उभा राहून त्याने मोबाईलवर छपराचा फोटो काढला आणि म्हणाला, "बसेल." पडवीतून आई म्हणाली, "मेल्या, वर चढान कौलां बघूक नको?" माडावर चढणारा गडीसुद्धा आधी बुंधा थोपटून बघतो. मी गप्प केलं ते आईला.

२५,००० आगाऊ, ३८,५०० 'मालाचे', ४,९५० 'फाईल फी'. पावती दुकानाच्या नावाची, पैसे गेले भलत्याच बाईच्या खात्यात. फोनवर नाव दिसलं होतं, तरी पिन टाकला. 'फाईल फी' कुणी मागितली तर तिथेच दाराबाहेर काढा.

मार्चमध्ये दोन पोरं आली. सहाच्या जागी दोन पॅनेल, लोखंडी अँगल. ४२ कौलं फोडून "उद्या येतो" म्हणून गेली. पॅनेलच्या पाठीवरचं नंबरचं लेबल खरवडलेलं. बोट फिरवलं तर चिकट डिंक लागला. अँगल मेमध्येच तांबूस झाला. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड कुणी लावतं का?

वीज कार्यालयात म्हणाले, तुमच्या नावाचा अर्जच नाही. बरं, मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी बाहेर फलकावर का नाही? तर म्हणे, "ऑनलाइन बघा." तुम्ही तरी पैसे देण्याआधी बघा. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी "दिवाणी बाब आहे", तिसऱ्या दिवशी "खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडे जा." १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो, हे मी त्यांना सांगायचं? वर हवालदार विचारतो, "एवढे शिकलेले, तरी कसे फसलात?" ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करायचा असतो, मी केला ४ महिन्यांनी.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते.

४२ कौलांच्या जागी ताडपत्री आहे. जुन्या मापाची कौलं मिळत नाहीत, माजघरात तीन बादल्या. दिवसाही दिवा लावावा लागतो.